कोपर

मास्तरीणबाईंनी अंथरूण उचलून लेकीच्या खोलीत नेलं, तेव्हा त्यांचा फायदा रोखठोक होता: सलग झोप. लेक लग्न होऊन गेलेली, खोली आयती मोकळी, आणि नवऱ्याच्या, म्हणजे शिंपीमास्तरांच्या, घोरण्याखाली बाईंनी अर्धा जन्म काढलेला. सोबत आपण काय उचलून नेलं, याचा हिशेब मात्र त्यांनी केला नाही. नेलं होतं ते कोपर.

मास्तरांचं घोरणं रंगात आलं की मध्येच गप्पकन थांबायचं. बाई अर्धवट झोपेत त्यांच्या बरगडीत कोपर मारायच्या. मास्तर हबकून श्वास ओढायचे, कुशीवर वळायचे, की पुन्हा सुरू. बाईंच्या लेखी तो निव्वळ वैताग होता.

खोल्या वेगळ्या झाल्या आणि बाईंच्या चेहऱ्यावर तकाकी आली, मास्तरांची उतरली. सकाळी डोकं जड, छातीत धडधड. दार वाजलं तरी दचकायचे. पेपर वाचता वाचता डोळे भरायचे. काय झालं विचारलं, तर म्हणायचे, "काही नाही गं, उगाच."

दुकानात कापड कापायचा मान मास्तरांचा. धाकटा भाऊ आणि कारागीर फक्त शिवायचे. त्या कात्रीवर मास्तर जगत होते. एक दिवस त्यांनी एका वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

"वहिनी," दीर घरी येऊन म्हणाले, "दादाला जरा बरं वाटेपर्यंत कात्री मी सांभाळतो."

हा 'जरा' दिरांनी चांगला सैल बेतलाय, हे बाईंना तेव्हाच कळलं.

शेवटी बाईंनी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप कशी लागते?"

"पाठ टेकली की मेलोच," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाई बायकोकडे वळल्या. "घोरतात? मध्येच श्वास थांबतो?"

माहीत नाही म्हणावं, तर दोन खोल्या उघड्या पडणार. या वयात नवरा-बायकोचं बिनसलंय म्हणतील! बाई म्हणाल्या, "छे हो! अगदी शांत झोपतात."

गोळ्या सुरू झाल्या. रडणं थोडं ओसरलं, धास्ती गेली नाही. कात्री दिरांकडेच राहिली.

मग एका दुपारी बाई डबा घेऊन दुकानात गेल्या. मास्तर कापायच्या टेबलावर उताणे झोपलेले.

"काकू, मास्तरांची मशीन आमच्यापेक्षा जोरात चालते!" एक कारागीर म्हणाला. तेवढ्यात घोरणं थांबलं. "घ्या, दोरा तुटला!" सगळे हसले.

मास्तरांची छाती हलत होती, पण श्वास आत जात नव्हता. बाईंनी डबा टाकला आणि बरगडीत कोपर हाणलं. मास्तर बुडता माणूस वर यावा तसे उठून बसले.

दिरांचं हसू विरलं. "वहिनी, हे रोजचंच?"

"मी शेजारी झोपायचे तेव्हा रोजचंच होतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. "श्वास अडला की शरीर घाबरून जागं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रात्रभर असं घाबरलेलं मन दिवसा निवांत कसं राहणार? सगळी उदासी यातूनच आली असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही एकमेकांना धरून असतात. गोळ्या चालू ठेवा, झोपेची तपासणीही करू."

तपासणी झाली. नाकावर मास्क आला, त्याला लांब नळी. "हत्ती केलात माझा," मास्तर म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. हळूहळू धडधड निवली. बाईंचं अंथरूणही जागेवर आलं.

कात्री मात्र आली नाही. दीर द्यायला तयार होते. गिऱ्हाइकं तयार नव्हती. माप द्यायला ती धाकट्याकडेच वळत. मास्तर कोपऱ्यात बसून काजं करू लागले.

एका संध्याकाळी बाईंना राहवलं नाही. "डॉक्टरांशी मी खोटं बोलले होते."

"ठाऊक आहे. शेजारीच तर बसलो होतो."

"मग तोंड का नाही उघडलंत?"

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. "चारचौघांत तुला खोटं पाडू?"

झोप बाईंनी एकटीने घेतली होती, लाज दोघांनी मिळून राखली होती, आणि कात्री गेली ती एकट्या मास्तरांची.