रविवारची किल्ली

मी एक जुनी प्लेट आहे, मित्रांनो. जेवायची नव्हे. लहान मुलांच्या टाळूला बसणारी, त्यांचा अरुंद जबडा हळूहळू रुंद करणारी मी एक गुलाबी प्लेट. आता मी वाकडी झाले आहे आणि कोडोलीतल्या एका गोठ्याच्या कोनाड्यात पडून आहे. माझ्या एका बाजूला म्हशींच्या औषधाची बाटली आणि दुसऱ्या बाजूला दोरीचं वेटोळं. ही काही माझी जागा नव्हे, हे मलाही कळतं. पण मला इथे कुणी फेकून दिलेलं नाही. रोज नजरेला पडावी म्हणून ठेवलं आहे.

माझा जन्म कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गल्लीत झाला. सयाजी नावाच्या कारागिराने मला घडवलं. त्याच्यापुढे एका मुलीच्या दातांचा पांढराशुभ्र प्लॅस्टरचा ठसा होता. त्यावर बसेल अशी तार त्याने पक्कडीने वाकवली, बसवून पाहिली, नाक मुरडलं, पुन्हा वाकवली. मग गुलाबी पूड कालवून माझं अंग केलं, मध्ये बारीकसा स्क्रू बसवला आणि मला करवतीने मधोमध कापलं. घाबरू नका, कापण्यातच माझं सगळं कसब आहे. किल्लीने स्क्रू थोडासा फिरवला की माझे दोन भाग केसभर लांब होतात आणि जबड्याला हळूच बाहेर रेटतात. सयाजीने मला घासूनपुसून उजेडात धरलं आणि म्हणाला, "लई भारी झालीया की!" त्या कौतुकावर मी पुढे कितीतरी दिवस काढले आहेत.

ज्या मुलीसाठी मी झाले, तिचं नाव राजनंदिनी. घरात नंदू. वय वर्षं आठ. तिचा वरचा जबडा अरुंद होता, त्यामुळे तोंड मिटताना खालचा जबडा डावीकडे सरके. हसली की हनुवटी एका बाजूला जाई. शाळेत दाततपासणी झाली तेव्हाच डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलं होतं, की लवकर दाखवून घ्या. ते कार्ड नंदूच्या वडिलांनी, बाळासोंनी, कॅलेंडरमागे खोचलं. "दुधाचं दात हायत, पडतील की. पडायच्या दातांना कोण सरळ करत बसतंय व्हय?" असं म्हणाले आणि धार काढायला निघून गेले. कार्ड तिथेच वर्षभर राहिलं.

शेवटी नंदूच्या आईने, क्रांतीने, हट्ट धरला आणि तिघे डॉक्टर त्रिशलांच्या दवाखान्यात आले. डॉक्टर रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "दात पडतील हो, पण जबडा पडत नाही ना. तो वाढतोय आणि वाकडा वाढतोय. हाड कोवळं आहे तोवर एवढीशी प्लेट पुरते. पुढे नाही पुरत. वर्षभर आधी आला असता तर फार बरं झालं असतं." ही हकीकत मी पुढे क्रांतीच्या तोंडून ऐकली, कारण तेव्हा मी नुसती पूड होते.

मला आणायला मात्र क्रांती आणि नंदू दोघीच आल्या. घरी म्हैस व्यायला झाली होती, बाळासोंना हलता येईना. डॉक्टरांनी दोघींना सगळं समजावलं. जेवताना काढायची, डबीत ठेवायची, गार पाण्याने आणि ब्रशने धुवायची. गरम पाणी अजिबात लावायचं नाही. दर रविवारी किल्लीने स्क्रू एकदाच फिरवायचा. घरी गेल्यावर धुण्याचं काम नंदूने घेतलं आणि किल्ली बाळासोंनी. धुण्याचे नियम बाळासोंना कुणी सांगितले नाहीत. त्यांना ते लागतील असं कुणाला वाटलंच नाही.

पहिल्या रविवारी गोठ्यातली कामं उरकून, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन बाळासो उंबऱ्यावर बसले. नंदूने मला त्यांच्या हातावर ठेवलं. त्या राठ बोटांनी ती दाभणाएवढी किल्ली इतक्या हळुवारपणे फिरवली, की मला कळलंसुद्धा नाही. मग ते नंदूला म्हणाले, "पोरी, माझ्यामुळं तुझं एक वरीस वाया गेलं. आता माझ्यामुळं एक दिवसबी जायचा न्हाय." नंदूने मान हलवली. तिने ते वाक्य मनात जपून ठेवलं, आणि पुढे सगळं त्याच वाक्यापाशी अडलं.

ते पहिले चार महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. सुरुवातीला नंदू बोबडं बोलायची, वर्गातली पोरं फिदीफिदी हसायची. तिने कुणाला दाद दिली नाही. आरशापुढे उभी राहून हनुवटीवर बोट ठेवायची आणि बघायची, सरकली का. आणि खरोखर सरकत होती! डॉक्टर त्रिशला म्हणाल्या, "शाब्बास! अशीच चालू ठेव, तुझी हनुवटी मध्यावर येणार." त्या दिवशी बाळासोंनी म्हशीलाही ती बातमी सांगितली. मित्रांनो, मी गर्वाने फुगले होते, हे कबूल करते.

मग हातकणंगल्याहून फोन आला. क्रांतीचे वडील अंथरुणाला खिळले होते. ती माहेरी गेली, ती लवकर परतलीच नाही. घर, म्हशी आणि नंदू, सगळं बाळासोंवर पडलं. त्यातच नंदूला ताप आला. दोन दिवस मी डबीत न धुता पडून राहिले आणि माझा वास यायला लागला.

आता बाळासोंची स्वच्छता म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. रोज सकाळी दूध संस्थेत घालून आले की दुधाची किटली घासायची आणि तिच्यात कढत पाणी ओतायचं. नुसत्या धुण्यावर त्यांचा विश्वास नाही. त्या सकाळी त्यांनी माझी डबी उघडली, नाक मुरडलं, किटलीच्या झाकणात मला ठेवलं आणि गोठ्यातल्या चुलीवरचं आधण उचललं.

नंदू गोधडी पांघरून दारात उभी होती. "पप्पा, गार पाण्यानं धुत्यात ती."

"गार पाण्यानं किटली तरी निघती का गं?" बाळासो हसून म्हणाले. "सात वर्सांत आपलं दूध एकदाबी माघारी आलं न्हाय, ते कशामुळं?"

आणि त्यांनी पाणी ओतलं. मला दुखलं नाही. फक्त सयाजीने दिलेला आकार माझ्या अंगातून सुटत गेला आणि मला तो धरून ठेवता आला नाही. बाळासोंनी मला धुतलेल्या फडक्याने पुसलं आणि लेकीच्या हातात दिलं. चेहऱ्यावर केवढं समाधान होतं त्यांच्या!

ताप उतरल्यावर नंदूने मला तोंडात घातलं. मी बसले नाही. एका बाजूने उचलले गेले, दुसऱ्या बाजूने हिरडीत रुतले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर बाळासो विचारत होते, "बसली न्हवं नीट?" नंदूने त्यांच्याकडे पाहिलं. सांगितलं असतं तर पुन्हा त्यांच्यामुळेच दिवस वाया गेले असते. ती म्हणाली, "बसली की."

तिथून पुढे मी फक्त रविवारची झाले. बाळासो न चुकता किल्ली फिरवत, मी आणखी रुंद होई आणि नंदूच्या तोंडापासून आणखी परकी होई. ती मला जिभेने टाळूला दाबून धरायची. समोरची तार दिसली की बाळासो खूश. ते गोठ्याकडे वळले की ती मला काढून डबीत ठेवायची आणि हिरडीवरून बोट फिरवत बसायची. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण तोंडात राहणाऱ्या वस्तूला स्वतःचं तोंड नसतं.

दवाखान्याची एक तारीख पुरात गेली, रस्ताच बंद होता. पुढची बाळासोंनी फोन करून लांबवली. "पोरगी रोज घालती, किल्ली मी फिरवतो. सगळं बेस हाय, मॅडम." ते अगदी मनापासून बोलत होते. बघता बघता तीन महिने गेले. मग एका रविवारी किल्ली फिरेना. स्क्रू शेवटपर्यंत उघडला होता. बाळासोंना वाटलं, काम फत्ते झालं. मोठ्या आनंदाने ते नंदूला घेऊन कोल्हापुरात आले.

डॉक्टर त्रिशलांनी तिच्या तोंडात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांनी ठशावर ठेवून बघितलं. मी डुगडुगले. "ही उकळत्या पाण्यात गेलीय," त्या म्हणाल्या. "कुणी घातली?"

"मीच," नंदू पटकन म्हणाली. "मीच घातलीती. पप्पांना म्हाईतबी न्हाय."

बाळासोंनी झटकन लेकीकडे पाहिलं. ते झाकण, ते आधण, ते सगळे रविवार त्यांना एकाएकी दिसले असणार. "खोटं बोलतीया ती," ते म्हणाले. "मी घातली, मॅडम. माझ्या या हातानं." मग खुर्चीशेजारी खाली बसून त्यांनी विचारलं, "दुखत हुतं तर सांगितलं का न्हाईस गं?"

"कसं सांगायचं?" नंदू रडू लागली. "तुम्हीच म्हणालता की, माझ्यामुळं एक दिवसबी जायचा न्हाय."

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. नवी प्लेट करू म्हणाल्या. जेवढं मिळवलं होतं त्यातलं निम्मं मागे गेलंय, वेळही गेलाय. हनुवटी अगदी मध्यावर येईल असं आज सांगता येत नाही, पण सोडायचं नाही. बाळासोंनी मला रुमालात बांधून घरी आणलं आणि या कोनाड्यात, चुलीच्या समोर ठेवलं. तेव्हापासून ते किटलीत कढत पाणी ओततात आणि मग माझ्याकडे बघतात. रोज बघतात. मला तोंड फिरवता येत नाही.

नंदूला नवी प्लेट आली, माझ्याहून चकचकीत. क्रांतीही परतली. पण बाळासोंनी किल्ली तिच्या हवाली केली. "माझा हात नको," एवढंच म्हणाले. रविवार आला की ते इथे गोठ्यात येऊन नुसते उभे राहत. स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता.

गेल्या रविवारी नंदू गोठ्यात आली. तिने प्लेट आणि किल्ली बाळासोंच्या हातावर ठेवली. ते मान हलवत राहिले, ती हलली नाही. म्हणाली, "तुम्हीच फिरवा. दुखलं तर सांगतो." आमच्याकडच्या पोरी 'सांगते' म्हणत नाहीत. बाळासोंनी बाहीने डोळे पुसले, हात धुतले आणि किल्ली फिरवली. नंदूने प्लेट तोंडात बसवली, डोळे मिटून क्षणभर अंदाज घेतला आणि म्हणाली, "डावीकडं जरा दुखतंय." त्या एका वाक्यासाठी मी वाकडी झाले होते, असं मला वाटून गेलं.

मित्रांनो, तुमच्याही तोंडात माझी एखादी बहीण असेल. तिला गार पाण्याने धुवा, डबीत ठेवा. आणि बसेना, दुखू लागली, तर त्याच दिवशी सांगा. ज्याच्याकडून मायेपोटी चूक झाली असेल, त्याला तर सगळ्यात आधी सांगा. कोवळी हाडं कुणासाठी थांबत नाहीत.

नंदू हसते तेव्हा तिची हनुवटी अजून थोडी डावीकडेच जाते.