लघवीचं माप

मुलीच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. रक्तातला सूज दाखवणारा आकडा वाढला होता. "किडनीवर ताण येऊ शकतो, लघवी मोजत राहा," डॉक्टर म्हणाले. तिची आई अशीच ऑपरेशननंतर किडन्या बंद पडून गेली. माझा जीव टांगणीला लागला होता.

सकाळी मापात जेमतेम अर्धा पेला लघवी होती. दुपारी माप काठोकाठ भरलं, पण रंग पाण्यासारखा होता.

"यात पाणी ओतलंस?"

"तुमचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं, बाबा."

"तोंड माझं जन्मापासून असंच आहे."

ती हसली आणि मग रडायला लागली. मी माप घेऊन नर्सकडे गेलो. "सिस्टर, हे माप खोटं आहे. डॉक्टरांना आत्ताच बोलवा."