पकडल्याची वेळ

अटकेच्या कागदावरचे सगळे रकाने भरून झाले होते. फक्त पकडल्याची वेळ तेवढी राहिली होती. फौजदार बाई कैद्यांच्या गाडीत मागे बसली होती, कागद मांडीवर घेऊन, आणि समोरच्या बाकावर बेड्या घातलेला कंपाउंडर तिच्या पेनाकडे बघत होता.

एके काळी तो दवाखान्यात पुड्या बांधायचा, म्हणून हे नाव. पुढे त्याने इंजेक्शनच्या बाटल्यांत मिठाचं पाणी भरून विकलं. आठ महिने ती त्याच्या मागावर होती. त्याच आठ महिन्यांत तिचे वडील इस्पितळात वारले. त्यांना टोचलेलं औषध कुठल्या खोक्यातलं होतं हे आता कळण्यासारखं नव्हतं, आणि तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

गाडी चालवणाऱ्या हवालदारांनी जाळीपलीकडून आवाज दिला. "आज सकाळी आठ. टाका लिहून, मॅडम. कोर्ट आलंच."

खरं तर हवालदारांनी त्याला काल सकाळी नऊलाच उचललं होतं. तिच्या कानावर न घालता भंगाराच्या खोलीत कोंडून ठेवलं, तेव्हा माल कुठे गेलाय ते त्याने ओकलं. आज सकाळी तीन इस्पितळांतून अकरा खोकी निघाली, आणि मगच तिला सगळं समजलं. कायद्याने चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करायला हवं. आता अकरा वाजून गेले होते.

"काल नऊ, बाई," कंपाउंडर मजेत म्हणाला. "तुम्ही खोटं लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. बाकी पाहुणचार झकास हं. बसायला फुटकी बादली होती."

"थोबाड बंद ठेव," हवालदार म्हणाले.

"का? दुपारी घरीच जेवणार आहे मी. तुम्हीही या. सुट्टीच असेल तुम्हाला."

सिग्नलला गाडी थांबली. हवालदारांचा आवाज खाली आला. "पोरी, निवृत्तीला माझे चार महिने राहिलेत, ते गेले खड्ड्यात. पण हा सुटला तर तासाभरात पसार होईल. तुझ्या बाबांच्या उशाशी शेवटी मी बसलो होतो."

"बाबांना मध्ये आणू नका, काका."

"बरं, नाही आणत. मग ती खोकी? तुला विचारून आणता आली असती का?"

नसती आली. तिने नाहीच म्हटलं असतं, आणि आत्ता या घटकेला कुणाच्या तरी दंडात मिठाचं पाणी जात असतं. सिग्नल सुटला. तिने लिहिलं : काल, सकाळी नऊ.

न्यायाधीशबाईंनी कागद दोनदा वाचला. हवालदारांना विचारलं, तेव्हा त्यांनी एका शब्दाने नाकारलं नाही. कंपाउंडर सुटला. जाताना तिला वाकून नमस्कार करून गेला.

चौकशीसाठी हवालदारांचा जबाब तिलाच घ्यावा लागला, कोर्टाच्या व्हरांड्यात, बाकावर शेजारी बसून.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही."

"पुन्हा अशी वेळ आली तर?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "पुन्हा हेच करीन. आणि हे गाळू नकोस हं, पोरी. खरं लिहायचंय ना तुला?"

तिने तेही लिहिलं, आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.