देवाची सात सफरचंदं

आम्ही चौघं होतो. मी, माझे यजमान सुदर्शन, माझी मैत्रीण गौहर आणि तिचे मुनीबभाई. गौहर आणि मी पुंडलिकनगरात एकोणीस वर्षं एकाच दुकानात ब्लाउज शिवतोय. मशीन दोन, चांगली कात्री एक, त्यामुळं भांडायला वेळच मिळाला नाही. तिची मुलगी आमरीन म्युनिकला नोकरीला आहे. तिनंच ठरवून टाकलं, ऑक्टोबरात या, गाडी मी भाड्यानं घेऊन देते, अब्बा चालवतील.

मुनीबभाईंचं पडेगावला गॅरेज. हाकलं नाही असं वाहन नाही. पण तिकडं स्टेअरिंग डावीकडं आणि आपल्या इंडिकेटरच्या जागी वायपर. कोरड्या खडखडीत काचेवर वायपर फिरायला लागला की आम्ही समजायचं, आता वळायचंय. पहिले तीन दिवस याच्यावरच हसलो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला झाडं पिवळीजर्द, आणि सुदर्शन प्रत्येक झाडाचा फोटो काढून आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचे. जसं काही तिथं कुणी पानंच पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी इटलीच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका शेतघरात उतरलो. घरमालकीण सत्तरीची, एकटी. नाव रोझा. आम्ही लगेच रोझाबाई केलं. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. पण मी तिच्याबरोबर बटाटे सोलले, तिनं माझ्या बांगड्या मोजल्या, आणि रात्री मी तिला हळदीकुंकू लावलं. तिचा नवरा वारलाय हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आधी कळतं तर माझा हात मागं आला असता, आणि ती लाज वेगळीच झाली असती. तिनं कुंकू पुसलं नाही. मला मिठी मारली आणि तशीच झोपायला गेली.

सकाळी मी लवकर उठून मागं गेले. माझं माहेर पिशोरचं. आमच्याकडं बांधावरच्या झाडाला वाटसरूनं हात लावला तर कुणी विचारत नाही. बोरं घ्या, जांभळं घ्या. इथं बागेतल्या रांगा जाळीखाली होत्या, तिकडं मी फिरकलेसुद्धा नाही. पण रस्त्याच्या कडेला एक लहानसं झाड एकटंच उभं होतं. त्याला सात सफरचंदं, आणि प्रत्येकाच्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधलेला.

मला वाटलं, कुणाचा तरी नवस. मग मी मनातल्या मनात न्याय केला. धागा देवाचा, फळ वाटसरूचं. एकेक धागा सोडला, फळ ओढणीत घेतलं आणि धागा परत फांदीला बांधला. छान नीट गाठी मारल्या, देवाचं काम म्हणून. मुनीबभाई गाडीची काच पुसत होते. एक त्यांना दिलं, सहा मागच्या पिशवीत टाकली.

रोझाबाई आली तेव्हा ते खात उभे होते. ती झाडाकडं गेली. धाग्यांना बोट लावत लावत परत आली. मग तिनं फोन काढला, फोनमध्ये बोलली, आणि फोन हिंदीत बोलला, बसस्टँडवरची बाई बोलते तसा, ना वर ना खाली. झाड तिच्या नवऱ्यानं कलम केलेलं. तो गेला त्याच वर्षी. यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं. रविवारी चर्चमध्ये नव्या पिकाची पूजा, त्यासाठी ही सात राखलेली होती.

पहिलं पीक देवाला. हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. पिशोरला आमच्या घरात पहिलं कणीस देवापुढं ठेवल्याशिवाय पोरांनासुद्धा देत नसत. मी नवस ओळखला होता, आणि ओळखून तोडला होता.

ती मुनीबभाईंकडं बघत होती. मी म्हटलं, आता बोलावं. मुनीबभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सॉरी अम्मा. गलती हो गई. मैंने तोड़े."

गाडीतून पिशवी काढून त्यांनी ती सहा फळं दोन्ही हातांनी तिच्या पुढं धरली. त्या गाठी त्यांच्या जाड बोटांना जमणाऱ्या नव्हत्या, पण ते कोण बघतंय. तिनं फळं घेतली. त्यांच्याकडं पाठ केली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला, तुझा काय दोष असं म्हणावं तसा. मी गाल मागं घेतला नाही.

गाडी निघाली आणि सुदर्शनना आवाज फुटला. मुनीबभाई, नाक कापलंत आमचं, म्हणाले. मग झाडाजवळ उभ्या मुनीबभाईंचा फोटो ग्रुपवर गेला, खाली लिहिलं, 'आमचे सफरचंदचोर'. पंचवीस-तीस हसरे चेहरे आले. सुदर्शन एकेक वाचून दाखवत होते. मुनीबभाई समोर बघून हसले. मीही हसले. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

गौहर हसली नाही. पुढं दोन दिवस ती माझ्याशी बोलली, पण कामापुरतं. पाणी दे. शाल घे. सरक जरा.

तिसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात एका पेट्रोलपंपावर दोघं पुरुष आत कॉफी आणायला गेले. मी म्हणाले, "गौहर, ती मी तोडली होती."

"माहीताय मला." ती काचेबाहेर बघत होती. "माझ्या ताटातलं घेताना पण विचारतात ते. ते काय कुणाचं झाड ओरबाडतील? दोन दिवस मी एवढंच बघत होते, तू कधी बोलतेस."

मी म्हटलं, धीर होत नव्हता. ती म्हणाली, "हसायला झाला की."

पुरुष कॉफी घेऊन आले. मी सुदर्शनसमोर सगळं सांगितलं. त्यांचा कप हातातच राहिला. मुनीबभाई कानशिलापर्यंत लाल झाले, जणू चोरी आत्ता त्यांचीच पकडली गेली. "छोडो भाभी," म्हणाले. "मेरेकू वो अम्मा दुबारा कब मिलनेवाली? तुमकू उसने कित्ता प्यार किया था."

त्यांनी मिठी वाचवली होती माझी. आणि मी त्यांचा फोटो फिरू दिला.

रात्री आमरीनला फोन करून रोझाबाईला तिच्या भाषेत खरं सांगायला लावलं. काय म्हणाली, विचारलं. आमरीन म्हणाली, काही नाही मावशी, ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. सुदर्शननी ग्रुपवरचा फोटो पुसला. मी माझ्या नावानिशी लिहिलं, ही चोरी माझी. त्यावर चार जणांनी हात जोडले. का जोडले ते मला घरी आल्यावर समजलं.

परवा शेजारच्या भामाबाई ब्लाउज टाकायला आल्या. मापं देता देता म्हणाल्या, मुनीबमियांनी तिकडं फळं चोरली म्हणे.

"मी चोरली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किती झाकशील गं दुसऱ्याचं? तुझं मन लई मोठं."

या आठवड्यातल्या त्या तिसऱ्या. मी जेवढं खरं सांगते, तेवढी मीच मोठी होते आणि मुनीबभाई तेवढेच चोर राहतात. भामाबाई हसत पायऱ्या उतरल्या. आतलं मशीन थांबलं.

"परत सांग त्यांना," गौहर आतून म्हणाली.

मी गळ्यात टेप तशीच ठेवून भामाबाईंच्या मागं रस्त्यावर गेले.