उघाडीतला जिताडा

निवळ पान्याचं कौतुक मला सांगू नका. आमच्या खाडीचं पानी गढूळ असतं आनि ते गढूळच असायला पायजे. गढूळ हाय म्हंजे भरती येते, ओहोटी जाते, पानी जितं हाय. आमच्या खाजनातलं पानी निवळलं तेव्हाच मला कळायला पायजे होतं. पन मी पडले तापट, आनि तापल्यावर माझं डोकं चालत नाय.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. बांधाच्या आतली आमची खारी जमीन, आमचं खाजन, नव्या शहरासाठी गेलं होतं. बांधात पानी आत-बाहेर करायची दगडी उघाडी होती, ती आदल्या दिवाळीतच सिमेंटच्या गोन्या टाकून बुजवली. माझा बाप गंगाराम तेव्हा अंथरुनात पडून. त्याला हे सांगायची कोनाची छाती झाली नाय. "उघाडी चालू हाय ना?" तो रोज विचारायचा, आनि माझा धाकटा भाऊ सदू रोज सांगायचा, "चालू हाय, बा."

त्या उघाडीच्या पुढच्या डबक्यात बानं सहा वर्सांपूर्वी बोटाएवढं जिताड्याचं पिलू सोडलं होतं. लोकांनी आपापले जिताडे कधीच खाल्ले. बा म्हनायचा, वाढू दे. आता चार दिवस त्याच्या पोटात अन्नाचा कन नव्हता, डॉक्टरनं हात टेकलेले. मी सासरवरनं आले होते. सकाळी मला म्हनाला, "जमने, आपला जिताडा खायचाय. बाजारातला नको."

आनि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं भरावाचे डंपर येनार होते. म्हंजे काय तो आजचाच दिवस.

"बाय, मोरा बंदराच्या धक्क्यावरनं ताजा आनतो," सदू म्हनाला. "बाला काय कळतंय आता?"

"मेल्या, सहा वर्सं त्यानं राखला आनि तू त्याला दुसऱ्याचा मासा चारतोस? लाज नाय वाटत?" मी खुंटीवरचं पाग काढलं, ते गोल फेकायचं जाळं, आनि निघाले. पाग टाकायला बानंच मला शिकवलं होतं. लग्नानंतर मात्र हातात धरलं नव्हतं.

बांधावर गेले आनि बघतच राहिले. तळातला शिंपला न् शिंपला दिसत होता. उघाडीच्या सावलीत तो पडला होता, माझ्या मांडीएवढा. मला तो दिसला तसा त्यालाही मी दिसले. पाग हवेत पसरायच्या आत हा दुसऱ्या टोकाला! गढूळ पान्यात पाग डोक्यावर पडेपर्यंत माशाला पत्ता लागत नाय. इथं माझी सावली हलली तरी तो पसार. पंधरा-वीस वेळा टाकलं असंल, खांदे भरून आले. मग गळाला जिती कोलंबी लावली. आला, बघितलं, आनि भाव विचारून पुढं जानाऱ्या गिऱ्हाइकासारखा निघून गेला. रडायलाच आलं मला.

दुपारी भरावाचा सुपरवायझर येऊन उभा राहिला, डोळ्यांवर काळा चष्मा.

"काय क्लीन पाणी आहे हो मावशी! इथं असं पाणी कुठंच नाही पाहिलं."

"उद्या बुजवताय ना? मग आज पोटभर बघून घ्या."

तो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच रागात बांधावर बसलेल्या सदूला हाक मारली, "उतर पान्यात. गढूळ करू या."

आमी लहानपनापासून हेच करतो. चिखल तुडवायचा, पानी काळं करायचं, मासा आंधळा झाला की पाग टाकायचं. पुढच्या भरतीला सगळं धुऊन निघतं. पन इथं भरतीच नव्हती. चार महिने तळाला कुजलेला तो चिखल आमी दोघांनी ढवळला, आनि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की काय सांगू.

"बाय, वास येतोय," सदू म्हनाला.

"तुझ्या नाकाला शहर लागलंय. तुडव!"

आधी बारकी मासळी वर आली, तोंडं उघडी टाकून. मग तो आला. पाग लागलंच नाय. आडवा होऊन वर आला, गलफडं हलवत होता, मग तेही थांबलं. मी त्याला दोन्ही हातांनी उचलला.

घरी कापला तर गलफडं काळी. चिंचेनं धुतला, हळद चोळली, लसून-मिरची दुप्पट घातली. वास गेला नाय. मला कळत होतं, पन उद्या डबकंच बुजनार, मग काय खायला घालू त्याला? दिवेलागनीला बाला उठवून बसवलं आनि कालवनाचा पयला घास भरवला.

बा चावता चावता थांबला. घास तोंडातनं हातावर काढला.

"जमने, ह्यो आपला नाय. आपल्या उघाडीच्या माशाला असा वास येत नाय. खरं सांग."

सदू माझ्याकडं बघत होता. सकाळी ह्याच गोष्टीवरनं मी त्याची लाज काढली होती.

"मोऱ्याचा हाय, बा," मी म्हनाले. "आपला नाय घावला."

बा हसला. चार दिवसांत पयल्यांदा हसला. "कसा घावंल? शाना हाय तो! राहू दे त्याला, वाढू दे." ताट बाजूला सारलं. "उघाडी चालू हाय ना?"

सदू ताट उचलून चुलीकडं गेला.

"चालू हाय, बा," मी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला, उपाशी. लोकांना सदू सांगतो, म्हातारा हसत गेला. मी तिथनं उठून जाते. त्याचा मासा मी मारला, आनि तो त्याचा होता हेही त्याला सांगितलं नाय.