पोटाशी धरलेली नदी

मित्रांनो, जरा जपून आत या, माझ्या पायाशी लोकरीचे गुंडे पडलेले असतात. हं, आता मान वर करा. मी एक जुना, उभा माग आहे. छताला टेकतील असे दोन खांब, वर एक रूळ, खाली एक रूळ आणि त्या दोघांमध्ये तारांसारखे ताणलेले उभे धागे. एवढाच माझा संसार.

मला घडवलं एका सुताराने, आपल्या मुलीसाठी. जन्मभर दारं-खिडक्या केलेला माणूस. मी उभा राहिलो तेव्हा तो लांबून बघत म्हणाला, "पोरी, ही तर उभी खाट झाली. हिच्यावर झोपणार कोण?"

"झोपायचं नाही बाबा, हिच्यापुढे जागं राहायचं," मुलगी म्हणाली.

तीच आमची मावशी. तिने माझ्यावर चित्रं विणली. या विणकामात आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे धावत नाही. प्रत्येक रंग बोटांनी, त्याच्या जागेपुरताच घालायचा. निळा आपल्या हद्दीपर्यंत जातो, मागे फिरतो, पुढचं शेजारचा पांढरा बघतो. मग लोखंडी दातांच्या पंजाने ठक ठक दाबायचं. दिवस मावळेपर्यंत चित्र जेमतेम बोटभर वर चढतं.

आणि विणणारा बसतो उलट्या बाजूला! त्याच्यासमोर नुसती लोंबणारी टोकं. सुलटी बाजू भिंतीकडे. विणून झालेला भाग खालच्या रुळावर गुंडाळला जातो. त्यामुळे पट कापून उतरवेपर्यंत अख्खं चित्र कुणालाच दिसत नाही. मलाही नाही. मी ते पोटाशी धरून असतो, इतकंच.

पुष्कळ पट माझ्यावरून उतरले. लोक पटांचं कौतुक करायचे. माझ्याकडे लक्ष जायचं ते माझ्या खांबावर डोकं आपटलं तर. मधली काही वर्षं मावशीकडे काम नव्हतं, तेव्हा मी धूळ खात उभा होतो.

मग लहान मुलांच्या दवाखान्यातून काम आलं. आजारी मुलांना पलंगावर पडल्या पडल्या दिसेल अशी एक नदी हवी होती. मावशीने ती अर्ध्यापर्यंत आणली आणि तिच्या मनगटाने दगा दिला. पंजा बोटांतून सुटून पडायला लागला.

अर्धी नदी कोण टांगणार? आणि दुसऱ्या हाताला द्यावी, तर हात बदलला की वीण बदलते. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट. पट टांगला की मध्येच अरुंद झालेला दिसतो, मग आधीचं कामही वाया.

मावशीने भाचीला बोलावलं. तिला सगळे बारकी म्हणतात. तिच्या कडेवर तान्हं बाळ, आणि शिकून झालेलं काय, तर दोन-चार लहान चौकोन.

"मावशी, मला नाही गं जमणार."

"न जमायला अजून केलंयस काय तू? बस."

बाळाला शेजारच्या टोपलीत निजवून बारकी बसायची. पंजाची ठकठक चालू असली की बाळ झोपायचं. थांबली की डोळे टक्क उघडे. हळूहळू पाण्याकाठी एक बगळा उभा राहिला. एक दिवस मावशीने सुरुवातीलाच खालच्या कडेएवढी कापून ठेवलेली दोरी घेऊन ती वरच्या विणीला लावली. दोरी उरली. भीतीपोटी बारकी प्रत्येक धागा ओढून घेत होती आणि नदी आत आत सरकत होती.

"बारके, उसव."

"सगळं?"

"बगळ्यासकट."

उसवणं मात्र मुकं काम. ठकठक थांबली आणि बाळाने टाहो फोडला. इकडे बारकीचेही डोळे वाहत होते. मावशीने डाव्या हातात पंजा घेतला आणि माझ्या खांबावर ठोकायला सुरुवात केली. ठक ठक. ठक ठक. बाळ निजलं. बारकी एकेक धागा सोडवत राहिली. मित्रांनो, माझ्या लाकडावर आजही ते दातांचे वण आहेत.

"आता नीट बघ," मावशी म्हणाली. "धागा ओढायचा नाही. आधी मधोमध उचलून त्याचा डोंगर कर, मग वरून दाब. सपाट होताना त्याला हवी तेवढी जागा तो आपली आपण घेतो."

बारकीने डोंगरामागून डोंगर केले. बगळा पुन्हा उभा राहिला, या वेळी ऐसपैस.

उरलेली नदी विणून झाली, मग कात्री आली. कट, कट करत माझे धागे सुटले आणि दोघींनी पट जमिनीवर सुलटा पसरला. मी लाकूड खरा, पण माझे सांधे कुरकुरले. ज्याला मी केवळ ओझं म्हणून ओळखत होतो ते पाणी होतं! तळाचे गोटे, त्यांवर माशांच्या सावल्या, लव्हाळी, बगळा आणि पार वर धुक्यात विरत गेलेला प्रवाह. खोली एकदम मोठी झाली. बराच वेळ कुणी पाऊल टाकलं नाही.

मावशी गुडघ्यांवर बसली. डोळे मिटून कडेवरून बोटं फिरवत निघाली. हात कुठे बदलला ते तिची बोटं शोधत होती. गोटे गेले, लव्हाळी गेली, बगळा गेला. बोटं कुठेच न अडता थेट धुक्यापर्यंत पोचली.

"बारके," ती हळूच म्हणाली, "मी कुठवर आले होते गं?"



मित्रांनो, तुमच्या घरात कुणी नवं काही शिकायला बसलं, तर त्याने किती उसवलं ते मोजू नका. शेजारी जाऊन बसा. आणि आम्हा जुन्या लाकडांना ओल लागू देऊ नका. माग वाकला की चांगल्या हाताचाही पट वाकडा निघतो.

काल माझ्यावर नवे धागे चढले. अजून कोरे आहेत. या वेळी पोटाशी काय येणार आहे, कुणास ठाऊक. मी श्वास रोखून उभा आहे.