लग्न झालंय का?

माझी भाची ब्रीशी आज सकाळी म्हणाली, "मावशी, एवढ्या पावसात कशाला मरायला जायचं? एका मतानं काय होतंय?"

मी तिला अशी झापली की तिची दोन्ही पोरं टेबलाखाली गेली. जावयाची पेजही ताटलीत तशीच राहिली. ओरडून झाल्यावर मलाच वाईट वाटलं. तिला काय ठाऊक, या मतापायी माझं काय गेलं ते. मी कधी सांगितलंच नाही.

आयर्लंडच्या शेजारचं आमचं बेट, त्याचे सहा शीडिंग, म्हणजे सहा परगणे. आमचा मायकेल. तीन गावं, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. पूर्वी बेटाच्या सभेतली चोवीस बडी माणसं एखादी जागा रिकामी झाली की आपल्यातलाच कुणीतरी शोधायची. मायकेलच्या लोकांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. अठराशे सदुसष्ट साली पहिल्यांदा निवडणूक झाली. माझे वडील नांगर सोडून तसेच चिखलाच्या पायांनी गावच्या शाळेत गेले, मत देऊन आले आणि चुलीपाशी बसून रडले. मी बारा वर्षांची होते.

"किरे," ते म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा मला कुणी विचारलं गं."

ते गेले. मुलगा नव्हता, म्हणून जमीन थोरलीला, म्हणजे मला आली. एक्क्याऐंशी सालच्या थंडीत नवा कायदा आला. जिच्या नावावर जमीन, त्या बाईलाही मत. फक्त ती बिनलग्नाची हवी, नाहीतर विधवा. लग्न झालेलीला नाही. तिला कशाला, नवरा आहे ना बोलायला!

आणि माझं तर लग्न ठरलेलं. इलियम काऊन, पीलच्या बंदरातल्या होडीवरचा. लग्नाआधीच्या रिवाजाप्रमाणे तीन रविवार चर्चमध्ये आमची नावं वाचून झाली होती. मार्चमध्ये होड्या मासेमारीला आयर्लंडकडे निघतात, त्या जून उजाडल्याशिवाय परतत नाहीत. त्यामुळे सोमवारी लग्न आणि गुरुवारी त्यानं निघायचं, असं ठरलं. मग शाळेच्या दारावर कागद लागला. मायकेल शीडिंगचं मतदान गुरुवारी.

"जूनमध्ये करू या," मी म्हटलं.

इलियमनं टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "अगं, लोक काय म्हणतील? एका मतासाठी मला लटकवलंस म्हणतील!"

"म्हणू देत. लोकांची तोंडं मला धरता येतात का?"

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मी मनात म्हणत होते, आता हा उठून जाणार, आणि जाईल तर जाऊ दे. तो म्हणाला, "माझ्याकडे ना जमीन, ना मत. आपल्या दोघांत बोलायचं कुणाला असेल तर तुलाच. जा, दे जा. पण देऊन झाल्यावर बंदरावर यायचंस. तुझं तोंड बघितल्याशिवाय मी निघायचो नाही."

गुरुवारी नऊला शाळा उघडली तेव्हा दारात पहिली मी. टेबलापाशी क्वेल मास्तर यादी घेऊन बसले होते. लहानपणी त्यांनीच मला पाढे शिकवलेले, पण त्या दिवशी ओळख नसल्यासारखा चेहरा करून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "किरी क्रेलिन, लग्न झालंय का?"

मागे रांगेतले बाप्ये फिदीफिदी हसले. "खरं सांग गं किरे, काऊनला लपवलंयस कुठं?"

"नाही झालं," मी म्हटलं, आणि मत दिलं. वडिलांसारखं रडू आलं नाही.

शेजाऱ्याच्या गाडीनं पील गाठलं. रस्त्यात चाक निखळलं, त्यात पाऊण तास गेला. त्या दिवशी बंदरातून तीनच होड्या निघायच्या होत्या. तिसरी निघालेली होडी परत येत नाही असा समज, म्हणून आमच्याकडे तिसरी होडी म्हणून कुणी निघत नाही. दुसरी आणि तिसरी दोर बांधून जोडीनं निघतात, म्हणजे तिसरं कुणी राहतच नाही. पण ओहोटी लागलेली. पाणी उतरायच्या आत पहिल्या दोन्ही निघून गेल्या होत्या. इलियमनं तांडेलाच्या हातापाया पडून आपली थांबवून धरलेली.

मी धावत धक्क्यावर पोचले. दोर सुटत होता.

"दिलंस?" तो ओरडला.

"दिलं!"

"मग झालं तर!" तो हसला. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. होडी एकटी निघाली, तिसरी.

मे महिन्यात बातमी आली. होडी बुडाली, सहाच्या सहा जण गेले.

त्याची आई माझ्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठी थांबले ना ते." मी असलं काही मानत नाही. समुद्राला कुठे मोजता येतं? दिवसा मी असं म्हणते. रात्रीचं मला विचारू नका.

पुढं मागणी घालणारे दोघं आले, त्यांना मी वाटेला लावलं. मग दर निवडणुकीला शाळेत जायचं, आणि टेबलामागच्या माणसानं चारचौघांत विचारायचं, लग्न झालंय का. मास्तर बदलले, प्रश्न तोच. सुरीसारखा लागायचा. पण खरं सांगू? साऱ्या मायकेलमध्ये इलियमची आठवण मला करून देणारं तेवढं एकच ठिकाण उरलं होतं. त्याची आई गेली, घर पडलं. त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

आज एकोणीसशे एकोणीस सालचं मतदान. ब्रीशी शेवटी आली, धुसफुसत, धाकट्याला कडेवर घेऊन. आता लग्न झालेल्यांनाही मत आहे. शाळा तीच, टेबल तेच, मागे एक कोवळा मास्तर. त्यानं यादीत नाव शोधलं, रेघ मारली आणि मतपत्रिका माझ्यापुढं धरली.

मी घेतली नाही. उभी राहिले.

"काय झालं, आजी?"

"विचार की, बाबा."

"काय विचारू?"

"लग्न झालंय का ते."

तो हसला. "ते आता विचारत नाहीत, आजी. कुणालाच नाही."

मागे ब्रीशी म्हणाली, "मावशी, चल ना, लोक खोळंबलेत."

अडतीस वर्षं याच टेबलापाशी उत्तर दिलं होतं मी. मग कुणी न विचारताच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाही झालं. इलियम काऊनशी ठरलं होतं."

आणि कागद घेतला.